चार रंगांत चेहरा: झॉर्न पॅलेट आठ महिने वापरल्यानंतर

तैलरंगात पोर्ट्रेट शिकायला बसले तेव्हा माझ्याकडे चोवीस ट्यूब होत्या आणि प्रत्येक चेहरा मातकट व्हायचा. चित्रकार मैत्रीण म्हणाली, "चारच ठेव, बाकीच्या कपाटात टाक." यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड लाइट, आयव्हरी ब्लॅक, टायटॅनियम व्हाइट. आंदेर्स झॉर्न (१८६०-१९२०) या स्वीडिश चित्रकाराच्या नावाने हे पॅलेट, म्हणजे रंगांचा हा मोजका संच, ओळखतात. तो कॅडमियमऐवजी व्हर्मिलियन हा लाल वापरायचा.

निळ्याशिवाय भागणार कसं, ही धास्ती होती. ती गेली बाबांची हनुवटी रंगवताना. ताज्या दाढीनंतर तिथे खुंटांची निळसर झाक असते. काळ्यात पांढरा कालवला तर पॅलेटवर नुसता राखाडी दिसला. तोच गालाच्या तांबूस रंगाला खेटून लावला आणि चक्क निळा दिसायला लागला! आयव्हरी ब्लॅक मुळात थंड, म्हणजे निळ्याकडे झुकणारा आहे, त्यात शेजार उबदार, तांबूस मिळाला. त्या संध्याकाळी मी कितीतरी वेळ त्या हनुवटीकडेच बघत बसले होते. काळा आणि ऑकर मिळून ऑलिव्ह हिरवा होतो, तो सावळ्या चेहऱ्याच्या जबड्याखालच्या सावलीला फार छान बसतो.

पण खरा फायदा झाला तो टोनचा. रंगांची निवडच उरली नाही, त्यामुळे डोळे किलकिले करून फक्त उजेड किती, अंधार किती एवढंच बघायची सवय लागली. आधी मी बुबुळाभोवती ट्यूबमधला पांढरा थेट लावायचे आणि डोळे बटणासारखे बाहेर यायचे. खरं तर वरच्या पापणीच्या सावलीत तो भाग बराच गडद असतो, कधी कधी तर उजेडातल्या गालापेक्षाही. आता तिथे ऑकर आणि काळ्याचा करडाच लावते.

त्रासही आहेत. टायटॅनियम व्हाइट फार जोरकस आहे, चिमूटभर जास्त झाला की त्वचा खडूसारखी होते. म्हणून उजेडाची बाजू आधी ऑकर आणि लालाने उबदार करून घेते, पांढरा शेवटी, जपून. आयव्हरी ब्लॅकमध्ये तेल जास्त, तो वाळायला वेळ लावतो. त्याच्यावर लवकर वाळणारे थर दिले तर पुढे भेगा पडू शकतात. अंडरपेंटिंगला, म्हणजे चित्राच्या सर्वांत खालच्या थराला, मी तो लावतच नाही. तिथे बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी वापरते, तो लवकर सुकतो. वाळल्यावर गडद भाग निस्तेज पडले तर पुढच्या बैठकीआधी जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुसून घेते. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कधीही टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जांभळी साडी या चार रंगांत होत नाही, हे स्पष्ट सांगते. लाल आणि काळा मिळून तपकिरी मरून येतो, त्यापुढे जात नाही. गर्द निळ्या-हिरव्या कपड्यांचंही तेच. चेहऱ्यापुरतं मात्र मला अजून काही कमी पडलेलं नाही.

सध्या आईचं तिसरं पोर्ट्रेट चालू आहे. कपाटातून आतापर्यंत दोनच ट्यूब परत बाहेर आल्या: अंडरपेंटिंगसाठी बर्न्ट अंबर आणि तिच्या साडीसाठी निळा अल्ट्रामरीन.