टेपर रोलर कोनसेट : अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

निकाल आधी सांगतो. छर्र्यांचा कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ती वर-खालची बेअरिंगची जोडी) काढून टेपर रोलर (निमुळत्या रोलरांचा सेट) बसवला की खड्ड्यात पुढून येणारा 'टक' आवाज बंद होतो, हँडल एकसंध लागतं आणि दर सर्व्हिसिंगला नट आवळायची कटकट संपते. पण ताशी ६०-७० च्या दरम्यान थ्रॉटल सोडला की हँडल जे थरथरतं (व्हॉबल), ते यानेच जाईल असं अजिबात नाही. 'टेपर टाका, व्हॉबल विसरा' या एका वाक्यावर साध्या सेटच्या दुप्पट-अडीचपट पैसे देऊ नका. गाडी साडेतीनशे सीसीची जुनी सिंगल, पुढे १९ इंची तारांची रिम.

कोनसेट खरंच गेलाय का, हे बघायला खर्च नाही. मेन स्टँड लावा, इंजिनखाली जॅक देऊन पुढचं चाक उचला. शॉकअपची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्याला टी (दोन्ही शॉकअप धरणारा आडवा भाग) आणि चेसिसच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. बोटाला हालचाल लागली तर कोनसेट ढिला. हलतंय पण बोटाला काही लागत नाही, तर शॉकअपचे बुश गेलेत. मग हँडल अगदी सावकाश एका लॉकपासून (हँडल वळायची शेवटची हद्द) दुसऱ्या लॉकपर्यंत फिरवा. बरोबर मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर वाट्यांना (छर्रे ज्यात फिरतात त्या कड्या) खड्डे पडलेत. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे प्रत्येक दणका त्याच जागी बसलेले छर्रे त्याच जागी ठोकतात. असा सेट आवळून सुधारत नाही. मध्ये ढिला राहतो आणि बाजूंना जाम होतो. टेपर घ्यायचं खरं कारण हे. रोलर बिंदूवर नाही, पूर्ण रेषेवर टेकतो, म्हणून मार वाटला जातो. यात नवीन काही नाही, हेन्री टिमकेनचं पेटंट १८९८ चं आहे.

बसवताना सगळं बिघडतं ते हातोड्याने. जुन्या वाट्या लांब पंचने, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे ठोकत, सरळ बाहेर काढायच्या. नवीन वाटी तासभर फ्रीजरमध्ये ठेवली की सोपी बसते. लांब आटेदार रॉड आणि दोन जाड वायसर लावून ती ओढून घ्या. ठोकायचीच झाली तर जुनी वाटी मध्ये धरून ठोका. पूर्ण बसली की बोदा आवाज बदलून कडक येतो. खालचं बेअरिंग टी-स्टेमवर (टीच्या मधला दांडा) बसवताना पाइप फक्त आतल्या रिंगवर टेकला पाहिजे, रोलर धरणाऱ्या जाळीवर टेकला तर बेअरिंग तिथेच मेलं. चाकाच्या बेअरिंगचं एपी-३ ग्रीस चालतं, पण तळहातावर घेऊन रोलरच्या आतपर्यंत दाबून भरा. वरून फासलेलं ग्रीस काही कामाचं नाही.

आता माझा राग. या सेटसोबत खालचं रबरी डस्ट सील येत नाही. इतके पैसे घेऊन एक रबर देत नाहीत! जुन्या सेटवर पत्र्याची टोपी असते, ती टेपरच्या उंचीला जुळत नाही, आणि मिस्त्री ती सरळ बाजूला ठेवून देतात. मग पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी आणि लाल चिखल थेट खालच्या रोलरवर. वॉशिंग सेंटरवाला त्याच जागी प्रेशर मारतो ते वेगळंच. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या पावसानंतर उघडलं तर वरचं बेअरिंग चकचकीत, खालच्यात ग्रीसचं ताक झालेलं आणि गंजाचे ठिपके. स्टेमच्या मापाचं सील बेअरिंगच्या दुकानात किरकोळ पैशात मिळतं. ते हातात आल्याशिवाय काम सुरूच करू देऊ नका. पाच ताऱ्यांतला एक याचा कापला, आणि खरं तर दोन कापायला हवे होते.

पहिले काही आठवडे पाचपैकी पाच दिले असते. व्हॉबल गायब होता. मग हळूहळू परत आला, कारण वाट्या आणि रोलर बसत गेले, सुरुवातीचा ताण उतरला. टेपर बसवल्यावर ५०० ते १००० किलोमीटरमध्ये एकदा परत आवळावाच लागतो. त्यासाठी खालच्या टीचे शॉकअप धरणारे बोल्ट आणि वरचा नट ढिला करा, नाहीतर ॲडजस्टर (बेअरिंगवर ताण देणारा नट) आवळल्यासारखा वाटतो पण ताण बेअरिंगपर्यंत पोचत नाही. खेळ जाईपर्यंत आवळा, वर किंचित द्या. चाक हवेत ठेवून हँडल मधून जरा ढकललं की ते स्वतःच्या वजनाने सावकाश लॉकला गेलं पाहिजे. आपटून उलट आलं तर ढिला, मध्येच थांबलं तर जास्त आवळलाय. क्लच-ॲक्सिलरेटरची वायर ओढत नाही ना, तेही बघा. सगळे बोल्ट आवळल्यावर ही चाचणी पुन्हा करा, वरच्या नटाने ताण वाढतो.

व्हॉबल दिसला की गॅरेजमध्ये नट करकचून आवळून देतात. थरथर जाते, कारण घर्षणाने ती दाबली जाते. पण गाडी ट्रॅफिकमध्ये हळू चालवताना सरळ जात नाही, सतत डावी-उजवी करावी लागते. शिवाय नव्या वाट्यांचं आयुष्य संपतं.

थरथरीचं मूळ टायरमध्ये होतं. १९ इंची चाकाचा घेर साधारण २ मीटर, म्हणजे ताशी ६५ ला सेकंदाला ९ फेऱ्या. हँडलची स्वतःची थरथरण्याची गती याच्या आसपास असते. चाकातला दोष दर फेरीला एक धक्का देतो आणि नेमका ताल जुळतो. पुढच्या टायरवर तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा; एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टायर गेला. टायरच्या कडेची रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. शॉकअपला खडू टेकवून चाक फिरवा, रिम २ मिमीपेक्षा जास्त आऊट असेल तर तारा आवळून घ्या. नवीन टायर बॅलन्स केला आणि थरथर गेली. कोनसेटला हात न लावता गेली.

मागून लहरत असेल, तेही ९० च्या पुढे किंवा वळणात, तर पुढे काही शोधू नका. चिमट्याचे (मागचं चाक धरणारा सांगाडा) बुश, मागचं टायर, चेन ॲडजस्टरच्या खुणांवर विसंबून वाकडं बसलेलं चाक, आणि मागे लटकवलेली जड पेटी. दोरी लावून चाकं रेषेत आहेत का बघा.

आणि हात सोडून व्हॉबल 'चेक' करू नका. सुरू झालाच तर पकड सैल पण हात हँडलवरच, अंग पुढे, थ्रॉटल सावकाश कमी, पुढचा ब्रेक नाही.

घ्यायला जाताना जुनी वाटी, कोन आणि स्टेमचं माप सोबत न्या. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षांची मापं निघतात, आणि 'सगळ्यांना एकच बसतो' म्हणणाऱ्याकडे कॅलिपर नसतो.