माशाची लांबी की जाळ्याचा आस? साठा टिकवायचा तर जोर कशावर लावावा

मासेमारीची पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची असते. ती हवी की नको, हा इथला प्रश्न नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या दहा महिन्यांचा. महाराष्ट्राच्या 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याच्या चौकटीत त्यासाठी दोन मार्ग आहेत: पकडलेल्या माशाची किमान लांबी ठरवणं, किंवा जाळ्याचा किमान आस, म्हणजे विणीतल्या भोकाचं माप, ठरवणं. कागदावर दोन्ही एकत्र नांदतात. पण तपासणीला माणसं मोजकी आणि मच्छीमार संस्थेचा आवाजही मर्यादित, त्यामुळे आग्रह एकाच गोष्टीचा धरता येतो. मी तो आसाचा धरला. तरी लांबीच्या नियमाचं जमेचं आधी मांडतो, कारण ते थोडं नाही.

महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान लांबी ठरवली. पापलेट 135 मिमी, बोंबील 180, बांगडा 140. पट्टी लावली की निकाल लागतो. मासा कुठे पकडला हा वाद उरत नाही. राज्याचा अंमल 12 सागरी मैलांपर्यंतच चालतो, पण मासळी कुठूनही आली तरी बंदरावर उतरतेच. केरळने 2015 मध्ये 14 जातींपासून हीच वाट धरली, आणि तिथे राणी माशाच्या बाबतीत चांगला परिणाम दिसल्याचं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं म्हणणं आहे. ज्या बंदरात लिलाव एकाच जागी होतो आणि मासळी जातवार वेगळी होऊन येते, तिथे हा नियम चांगला चालू शकेल.

मला खटकलं ते एकच. पट्टी लावली जाते ती मेलेल्या माशाला. ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायचं जाळं, दोन-तीन तास ओढून वर घेतला की त्याच्या टोकाच्या पिशवीतली बारीक मासळी चेंगरलेली असते, खोल पाण्यातून आलेल्या माशाचा वाताशय, म्हणजे अंगातला हवेचा फुगा, फुगलेला असतो. ती परत पाण्यात टाकली तरी बहुतेक जगत नाही. मग बोटीच्या तांडेलापुढे, म्हणजे प्रमुखापुढे, दोनच रस्ते राहतात: बंदर गाठण्याआधी ती समुद्रात फेकणं, किंवा क्रेटच्या तळाशी बर्फाखाली घालणं. पहिल्यात नियम पाळल्यासारखं दिसतं आणि साठ्याचं नुकसान तेवढंच होतं. त्याहून वाईट म्हणजे फेकलेली मासळी नोंदीत येत नाही. बंदरावरच्या नमुन्यात पिल्लांचं प्रमाण घटलेलं दिसतं, त्यावरून साठ्याचा अंदाज बांधला जातो आणि पुढच्या वर्षांचे निर्णय त्याच अंदाजावर होतात. पंधरा-वीस वर्षांचा विचार करून नियम करायचा असेल, तर ही गळती मला मोठी वाटते.

लांबी मोजण्यातही कटकटी आहेत. शेपटी तुटलेली असते. बोंबील वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या मांडवावर, सुकला की आखडतो, मग ओल्या माशाचा आकडा त्याला कसा लावायचा?

आसाचा नियम मासा मरायच्या आधी काम करतो. आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलसाठी चर्चा असते ती पिशवीला 40 मिमी चौकोनी आसाची. चौकोनी का, तर नेहमीचा शंकरपाळी आस ओढ बसली की मिटतो, आणि पिशवी भरत गेली की तो आणखी आवळतो. चौकोनी आसाच्या दोन बाजू ओढीच्या दिशेला असल्याने तो उघडा राहतो. बाहेर पडणाऱ्या माशांतले काही खवलं खरचटून मरतात, हे खरं आहे. पण डेकवर आलेल्यांपेक्षा त्यांची शक्यता नक्कीच बरी.

मोजमाप ओल्या जाळ्यावर घ्यावं. आस ताणून एका गाठीच्या आतल्या कडेपासून समोरच्या गाठीच्या आतल्या कडेपर्यंत मोजायचा, सलग 20 आसांची सरासरी धरायची आणि शिवणीलगतचे आस सोडून द्यायचे. पळवाटा बहुतेक पिशवीतच असतात. आतून बारीक आसाचं अस्तर, एकावर एक दोन पिशव्या, किंवा इतका जाड दोरा की आस मापात असूनही ताठ राहतो आणि मासा निसटत नाही. चौकोनी पिशवीला गाठी नसलेलं जाळं घ्यावं, नाहीतर गाठी सरकून आस वाकडे होतात. म्हणून नियमात आसाबरोबर दोऱ्याची जाडी आणि एकच थर हेही लिहिलेलं असावं. हे सगळं जून-जुलैत, जाळी किनाऱ्यावर दुरुस्तीला पसरलेली असताना, निवांत तपासता येतं. पहाटेच्या लिलावात पट्टी घेऊन उभं राहण्यापेक्षा हे काम कितीतरी सोपं आहे. हंगामात नंतर जाळं बदललं तर काय, ही शंका रास्त आहे, त्यासाठी बंदरावर अधूनमधून पाहणी लागेलच.

पण पापलेटपाशी आसाचा हिशेब मोडतो, आणि तो 2023 पासून आपला राज्यमासा आहे. ताणून मोजलेला 40 मिमी आस म्हणजे प्रत्येक बाजू 20 मिमी आणि कर्ण जेमतेम 28. पापलेटच्या अंगाची उंची लांबीच्या निम्म्याहून जास्त असते, म्हणजे 135 मिमीचं पापलेट 67 मिमीपेक्षा उंच. ते या आसातून जाऊच शकत नाही. ते जाईल एवढा आस ठेवला तर कोळंबी सगळी निसटेल, आणि असा नियम कोणताही ट्रॉलरवाला पाळणार नाही. गिलनेटची, म्हणजे ज्याच्या आसात मासा कल्ल्यांशी अडकतो त्या उभ्या जाळ्याची, गोष्ट वेगळी. तिथे आस वाढवला की धरला जाणारा मासा थेट मोठा होतो, त्यामुळे सातपाटीसारख्या पापलेटच्या बंदरात गिलनेटसाठी आसाचा नियमच पुरेसा ठरावा असं मला वाटतं. ट्रॉलमधल्या पापलेटसाठी मात्र लांबीचा नियम सोडता येणार नाही.

डोल, म्हणजे खुंटांना बांधून पाण्याच्या ओढीत लावलेलं पिशवीसारखं जाळं, या दोन्हींत नीट बसत नाही. करंदी आणि जवळा धरायला तिचा आस बारीकच लागतो, आणि भरतीओहोटीच्या ओढीने त्याच पाण्यातली पापलेटची पिल्लं तिच्यात येतात. तिथे आस वाढवायला सांगणं म्हणजे डोल बंद करायला सांगणं. पिल्लांचा भर असेल त्या पंधरवड्यात ठरावीक पट्ट्यात डोल न लावणं, हाच उपाय मला व्यवहार्य दिसतो. तो पट्टा आणि तारखा संस्थेने आपल्या खुंटांवरच्या नोंदींवरून ठरवाव्यात.

तुमच्या बंदरात ट्रॉल आणि गिलनेट जास्त असतील तर आसाचा ठराव आधी करा. पिशवीचा आस, दोऱ्याची जाडी, अस्तराला मनाई आणि 31 जुलैच्या आत जाळ्याची तपासणी, एवढं त्यात असू द्या. लांबीची पट्टी पापलेट, घोळ, सुरमई अशा किमती माशांपुरती लिलावात ठेवा. त्यांचा मोठा मासा जास्त भाव खातो, त्यामुळे खरेदीदारही त्या पट्टीला सहसा विरोध करत नाही.