साताऱ्यातील शरीरघटक तपासणी: यंत्र ठीक, पद्धत उत्तम

साताऱ्यातील एका व्यायामशाळेत सुरू झालेली शरीरघटक तपासणी मी स्वतः करून घेतली आणि आईचीही करवून घेतली. वजनकाटा एकच आकडा सांगतो. त्यात स्नायू किती आणि चरबी किती हे त्यावरून कळत नाही, आणि आपल्या लोकांना नेमके तेच कळण्याची गरज आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

तपासणी मिनिटभरात आटोपते. अनवाणी पायांनी धातूच्या पट्ट्यांवर उभे राहायचे, मुठींत दांडे धरायचे आणि हात अंगापासून थोडे दूर ठेवायचे. अगदी सौम्य विद्युतप्रवाह शरीरातून जातो. स्नायूंत पाणी भरपूर असल्याने तो सहज वाहतो, चरबीत अडतो, आणि त्या अडथळ्यावरून, उंची, वय व लिंग लक्षात घेऊन, यंत्र अंदाज बांधते. साहजिकच अंगातले पाणी कमी-जास्त झाले की अंदाजही बदलतो. म्हणूनच येथील प्रशिक्षकांचे मला मनापासून कौतुक वाटते. सकाळी अजिंक्यतारा चढून-उतरून घामाघूम आलेल्यांना ते यंत्रावर उभेच करत नाहीत. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी, शौचाला जाऊन आणि व्यायामाच्या आधी या, असे सांगतात, आणि पुढच्या तपासणीलाही तीच वेळ पाळायला लावतात. शिवाय साध्या टेपने पोटाचा घेर मोजतात. पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर घेर गेला की सावध व्हावे, हे त्यांनी आईला नीट समजावून सांगितले.

अहवालाबद्दल मात्र तक्रार आहे. त्यात ‘चयापचयाचे वय’ म्हणून एक आकडा छापतात, म्हणजे शरीराची ऊर्जा वापरण्याची गती कोणत्या वयाच्या माणसासारखी आहे याचा अंदाज. आईचे हे वय खऱ्यापेक्षा बरेच जास्त निघाले आणि ती दिवसभर खट्टू होती. सूत्रातून काढलेला असा आकडा कोणाच्या हाती देऊ नये. डाव्या-उजव्या हातातील स्नायूंचे वजनही दशांशापर्यंत देतात, पण त्या अचूकतेला फारसा अर्थ नाही.

सल्ला एकंदरीत चांगला मिळतो. यवतेश्वरच्या चढावर रोज धावणाऱ्यांनाही आठवड्यातून किमान दोनदा वजने उचलायला सांगतात, कारण खाणे कमी करून नुसते धावले की चरबीबरोबर स्नायूही झडतात. प्रथिनांच्या बाबतीत मात्र पावडरीच्या डब्याचा आग्रह होतो, तो मला पटला नाही. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला थोडी अधिक लागतील, तरी मटकीची उसळ, डाळ, दूध-दही, अंडी आणि शेंगदाणे यांतून ती बऱ्याच अंशी भागतात.

शुल्क परवडण्याजोगे आहे. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ही तपासणी टाळायची असते. तशी पाटी आज फक्त यंत्राशेजारी आहे, ती दारावर ठळक अक्षरांत लावायला हवी.