कुत्र्याची गोष्ट ऐकून घेतलेला कर्णा

मामांच्या वाड्याचा माळा रिकामा करताना एडिसनचा स्टँडर्ड फोनोग्राफ हाताला लागला, म्हणजे तबकडीऐवजी मेणाच्या नळकांड्यावरचं गाणं वाजवणारं जुनं मशीन. लाकडी पेटी शाबूत, चावी शाबूत, आत स्प्रिंगही जिवंत. पुठ्ठ्याच्या डब्यांत मेणाची तीन नळकांडी. नव्हता तो फक्त कर्णा, आणि कर्णा टांगायची दांडी. तिथून माझ्या साडेसतरा हजारांच्या शहाणपणाला सुरुवात झाली.

ओळखीतल्या ओळखीतून एक जुन्या वस्तूंचा व्यापारी मिळाला. दुकान कुठलं ते लिहीत नाही, तो कोल्हापुरात माल घेऊन यायचा. बिंदू चौकाजवळ एका चहाच्या टपरीवर भेटलो. गाडीच्या डिकीतून चादरीत गुंडाळलेला भलामोठा पितळी कर्णा निघाला. फुलासारख्या पाकळ्या, पितळेवर काळपट चढलेला, आणि काठाजवळ तो ओळखीचा कुत्रा.

मी एवढा अडाणी नव्हतो. म्हटलं, “हा कुत्रा एचएमव्हीचा. ती तबकडीची कंपनी. एडिसनच्या मशीनवर हा कसा काय?”

तो हसला. “सर, तुम्ही मूळ चित्र बघितलं नाही वाटतं. बॅरोनं पहिल्यांदा कुत्रा काढला तो नळकांड्याच्या फोनोग्राफसमोरच. तबकडीचं मशीन नंतर रंगवलंय.”

घरी येऊन तपासलं, तर शब्द न् शब्द खरा. चित्रकार फ्रान्सिस बॅरोच्या चित्रात हा कुत्रा, निपर, खरोखर फोनोग्राफ ऐकत होता. 1899 साली ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे एचएमव्हीवाल्यांच्या, सांगण्यावरून त्यानं त्यावर तबकडीचा ग्रामोफोन रंगवला. ज्याला एवढं माहीत, तो माणूस फसवणार नाही असं मी धरून चाललो आणि चौदा हजार पाठवले. फसवणारा खोटंच बोलेल असं आपण गृहीत धरतो. हा खरं बोलला, फक्त अर्धं. बॅरोच्या चित्रातला फोनोग्राफचा कर्णा होता काळा. चित्राला जरा उठाव यावा म्हणून बॅरो ग्रामोफोन कंपनीत गेला होता तोच मुळी पितळी कर्णा उसना मागायला! ती गोष्ट शेवटपर्यंत वाचली असती, तर पैसे वाचले असते.

दांडीचं विचारलं तर म्हणाला, “देतो की. स्पेशल स्टँड हाय. साडेतीन हजार.” आला तो लोखंडी पाट, त्यावर उभा बार, वरती कर्ण्याला घट्ट आवळणारी पट्टी. मला वाटलं, मजबूत आहे.

इथं जरा थांबून मशीनचं सांगतो, कारण खरी गोम यातच आहे. ग्रामोफोनचा कर्णा मागच्या ब्रॅकेटवर बसतो आणि जागचा हलत नाही. हलतो तो टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा हात. फोनोग्राफचं उलटं. त्याचा रिप्रोड्यूसर, म्हणजे सुई असलेला आवाज काढणारा भाग, स्क्रूवरून नळकांड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. दोन मिनिटांच्या नळकांड्यावर इंचात 100 रेघा, मिनिटाला 160 फेरे. म्हणजे एका गाण्यात तो तीन इंचांहून जास्त सरकतो, आणि कर्ण्याला त्याच्याबरोबर जावंच लागतं. सुरुवातीचा चौदा इंची कर्णा हलका, तो थेट रिप्रोड्यूसरच्या नळीवर बसायचा. मोठे कर्णे आले तसं त्यांचं ओझं त्या बारीक नळीवर पडू नये म्हणून दांडी आणि साखळी आली. कर्णा साखळीला लोंबकळतो, झोपाळ्यासारखा सहज हलतो, आणि मधे रबराचा छोटा तुकडा फक्त आवाज पोचवतो. कर्णा तोलला असा पाहिजे की बारीक तोंडाशी बोट लावलं तरी हलावा.

माझा कर्णा त्या स्टँडवर बुरुजासारखा उभा होता.

पहिलं नळकांडं लावलं. कुठल्याशा बँडचा मार्च. पहिली काही सेकंदं काय आनंद झाला म्हणून सांगू! मग रबरी नळी ताणू लागली. रिप्रोड्यूसर पुढे जायला बघतोय आणि कर्णा सोडत नाही. आवाज चिरकला, तोच सूर तीनदा आला, मग नुसती खरखर. उचलून बघितलं तर सुईच्या नीलमणी टोकाला काळ्या मेणाचा बारीक केसासारखा कीस चिकटलेला. शंभर वर्षांहून जुना आवाज मी चिमटीत धरला होता. ते नळकांडं गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी सगळं घेऊन उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी टिचकी मारली, कापडाला लिंबू लावून काळपट जागा घासली. खाली लग्नातल्या ताटासारखं पिवळंधमक पितळ. सांध्यावरची झाळही ताजी. मग गळ्यातून बोट घातलं आणि हसायलाच लागले. कर्ण्याचं तोंड ग्रामोफोनच्या मापाचं, म्हणजे रुंद. ते बारीक करायला आत पीव्हीसीचा रिड्युसर ठोकून वरून काळा रंग मारलेला. रंग खरवडला तर आयएसआयचा शिक्का.

“सर, अमेरिकेत बी आयएसआय चालतंय व्हय?”

व्यापाऱ्याला फोन केला. “चालवायला कुणी सांगितलं? शोपीस म्हणून दिलाय, पावती बघा.” पावतीवर खरंच ‘जुनी शोभेची वस्तू’ एवढंच. एडिसन नाही, साल नाही, अस्सल हा शब्द नाही. चहाच्या नादात मी ती वाचलीच नव्हती. तिसऱ्या फोनपासून नंबर बंद.

घेणाऱ्यांनी खिशात लोहचुंबक ठेवावा. एडिसननं 1907 पासून स्टँडर्डबरोबर दिलेले फुलाच्या आकाराचे मोठे कर्णे काळ्या रंगाच्या पोलादी पत्र्याचे. त्यांना चुंबक चिकटतो. पितळेचे अस्सल कर्णेही होते, त्यामुळे नुसत्या पितळेवरून निकाल लावता येत नाही. पण पितळ, कुत्रा आणि रुंद गळा असं सगळं एकत्र दिसलं तर चहा पिऊन उठावं. आणि दांडी विकणाऱ्याला एवढंच विचारावं, “कर्णा यावर हलतो कसा?”

काकांनी लोखंडी सळई वाकवून दांडी करून दिली, पैसे घेतले फक्त सळईचे. साखळी आमच्या देवघरातल्या लामणदिव्याची. सौभाग्यवतींची परवानगी मिळवायला मार्चपेक्षा जास्त वेळ लागला. पत्रेवाल्याकडून साधा हलका कर्णा करून घेतला. अस्सल नाही, पण खोटंही सांगत नाही. दुसरं नळकांडं त्यावर शेवटपर्यंत वाजलं.

मागच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या एका पोरानं मोबाईल पुढे केला. “सर, हे बघा, घेऊ का? ओरिजिनल म्हणतोय.” तसाच कर्णा, तसाच कुत्रा. विचारलं, “चित्राची गोष्ट सांगितली का तुला?”

“होय की! तुम्हाला कसं कळलं?”

म्हटलं, “जा, भेट त्याला. आणि पैसे द्यायच्या आधी गळ्यात बोट घालून बघ.”