जुन्या बेलरची दुरुस्ती: सहा महिन्यांनी काय टिकलं

दिवाळीच्या पाडव्याला पाचट-काड दाबून दोरानं बांधणारा, चौकोनी गठ्ठ्यांचा जुना बेलर दारात आणला. विकणारा म्हणाला होता, "डाव्या बाजूची गाठ कधीमधी चुकते, बाकी मशीन एक नंबर." पहिल्याच दिवशी उसाच्या पाचटात दहातले तीन गठ्ठे सुटे पडले. आता एप्रिल आलाय. पाचट संपलं, गव्हाचं काडही बांधून झालं, साडेचार हजारांवर गठ्ठे निघाले. कुठं पैसे सार्थकी लागले आणि कुठं पाण्यात गेले, ते लिहितो.

गाठ चुकली की जो तो सांगतो, आख्खा नॉटर, म्हणजे दोराला गाठ मारणारा भाग, बदला. मीही बदलणारच होतो. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी नॉटरला हात लावायच्या आधी सुट्या गठ्ठ्यांचे दोर गोळा करायला लावले. एका दोराला गाठ आणि दुसरा मोकळा, तर दोर धरणाऱ्या चकतीची पकड ढिली. टोकं पिंजलेली, तर पकड फार आवळलेली नाहीतर सुरी बोथट. आमच्या दोरांना गाठ बसत होती, पण ती बिलहुकावरून निघतच नव्हती. तिथंच अडकून ताणानं दोर तुटायचा.

बिलहुक म्हणजे पोपटाच्या चोचीसारखा छोटा तुकडा. तो एक गिरकी घेतो, चोच उघडून दोन्ही दोर पकडतो, सुरी दोर कापते आणि सुरीचाच हात चोचीवरचा फास ओढून काढतो. त्या हातानं चोचीला घासूनच जायला हवं. आमच्या हातात आणि चोचीत चक्क उजेड दिसत होता. शिवाय चोचीवर दोरानं चर पाडलेला, नख अडकेल एवढा. उजव्या बाजूचा नॉटर चांगला होता, त्यामुळं मिस्त्रींचं काम सोपं झालं. "उजवा बघायचा अन् डावा तसा करायचा," एवढंच म्हणाले. हात काढून व्हाइसमध्ये धरला आणि थंडाच वाकवला. त्याला खर्च शून्य.

बिलहुक मात्र मी हट्टानं स्वस्तातला आणला. जेमतेम सहाशे गठ्ठ्यांत त्याच्या उघडझाप करणाऱ्या जिभेचा रोलर झिजून चपटा झाला. मग ओरिजिनल बसवला, तो अजून गुळगुळीत आहे. या एका पार्टात काटकसर करू नका. दोर नॉटरपर्यंत नेणाऱ्या वाकड्या सुया दोन असतात, दोन्ही बाजूंना एकेक; त्यातल्या एका सुईच्या टोकाशी पडलेली खाच आम्ही पितळी वेल्डिंगनं भरून कानशीनं घासली, ती सगळा हंगाम टिकली.

दुसरं दुखणं प्लंजरच्या, म्हणजे चेंबरमध्ये पुढं-मागं होऊन पाचट दाबणाऱ्या ठोकळ्याच्या, सुरीचं. प्लंजरवरची सुरी आणि चेंबरची स्थिर सुरी यांच्यामध्ये हेक्सा ब्लेड जेमतेम सरकावं. आमच्याकडं तीन मिलिमीटरची फट होती. पाचट कापलं न जाता दुमडून आत चेपलं जायचं, ट्रॅक्टर धापा टाकायचा आणि फ्लायव्हीलचा शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी मोडून बाकी मशीन वाचवणारा) दिवसाला दोनदा तुटायचा. खरं कारण प्लंजरचे झिजलेले रोलर. रोलर बदलले, शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून फट कमी केली, दोन्ही सुऱ्यांना धार लावली. त्यानंतर आख्ख्या महिन्यात एकच बोल्ट तुटला.

पण ते करायच्या आधी मी एक गाढवपणा केला. सारखा बोल्ट तुटतो म्हणून डब्यात सापडलेला कडक बोल्ट ठोकला. तो तुटलाच नाही, सुई तुटली. शिअर बोल्ट मोडायसाठीच असतो हे मला माहीत होतं, तरी केलं. सुईच्या पैशात पुढच्या चार हंगामांचे बोल्ट आले असते.

जमिनीवरचं पाचट उचलून आत घेणाऱ्या पिकअपचे टाइन्स, म्हणजे दाते, पाचटात झिजतात म्हणण्यापेक्षा मोडतात. उसाच्या सऱ्या आणि ढेकळं असतील तर पिकअप थोडा उचलूनच ठेवा, टोकं मातीत जाऊ देऊ नका. थोडं पाचट मागं राहतं, राहू दे. अकरा टाइन्स मी बाजारातले स्वस्तातले घातले, त्यातले नऊ शाबूत आहेत. इथं ओरिजिनलचा आग्रह नको.

धुळीचं सांगतो. रोज संध्याकाळी ब्लोअरनं नॉटर फुंकतो आणि मगच ग्रीस. निपलमध्ये ग्रीस हवंच, पण बिलहुक आणि चकतीवर ऑइल ओतू नका, पाचटाची माती तिथं बसून कानशीचं काम करते. गाठ तपासायची तर पीटीओ (ट्रॅक्टरचा मशीन फिरवणारा शाफ्ट) बंद, ट्रॅक्टरची चावी खिशात, आणि फ्लायव्हील हातानं फिरवायचं. शेजारच्या गावात एकाचं बोट गेलंय.

मध्येच तागाची सुतळी सोडून प्लॅस्टिकचा दोर लावला तेव्हा गाठी पुन्हा चुकल्या. तो बारीक आणि निसरडा, चकतीची स्प्रिंग अर्धा आटा आवळावी लागली. गठ्ठा गोठ्यात सोडताना त्याचे तुकडे मोजून बाहेर काढतो, गायीच्या पोटात गेला तर निराळाच ताप.

पिकअपच्या दात्यांना वळण देणाऱ्या कॅममधला एक रोलर अजून खडखडतोय. पावसाळ्याआधी उघडायचाय. मिस्त्री म्हणतात ग्रीसवर एक हंगाम निघेल, मला तसं वाटत नाही.