एचआरटी बंद केल्यावर: व्हेन्लाफॅक्सिन की गॅबापेंटिन?

पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठीच्या हॉर्मोनच्या गोळ्या (एचआरटी) थांबल्या, अंगातून येणाऱ्या गरम वाफा परत आल्या आणि डॉक्टरांनी ही दोन नावं पुढे ठेवली: व्हेन्लाफॅक्सिन, मुळात नैराश्यावरचं औषध, आणि गॅबापेंटिन, मुळात फिट्स आणि नसांच्या दुखण्यावरचं. मैत्रीण विचारते, कोणती घेऊ?

आधी बघायचं, त्रास नेमका कधी होतो. रात्री दोनला गाऊन भिजून जाग येते, पांघरूण फेकायचं, पाच मिनिटांत पुन्हा ओढायचं, असं असेल तर गॅबापेंटिन. झोपताना ३०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. त्याची गुंगी इथे कामीच येते. तीच गुंगी सकाळी उतरली नाही तर गाडी चालवणं धोक्याचं. तोल जात असेल, किडनी कमजोर असेल तर जपून.

व्हेन्लाफॅक्सिन ३७.५ मिलिग्रॅमपासून. दिवसाच्या वाफांवर चांगलं, एक-दोन आठवड्यांत फरक कळतो. सुरुवातीला मळमळ, तोंडाला कोरड. रक्तदाब वाढू शकतो, तो मोजत राहायचा. माझी खरी तक्रार वेगळीच: एखादा डोस चुकला तरी चक्कर येऊ शकते. दोन्ही गोळ्या हळूहळूच सोडायच्या.

योनीच्या कोरडेपणावर दोन्ही निरुपयोगी.

झोपच उडाली असेल तर गॅबापेंटिन. दिवसा घाम आणि जोडीला उदासी असेल, किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची गोळी) चालू असेल, तर व्हेन्लाफॅक्सिन. मात्र रक्तदाब आटोक्यात हवा.