रबाळ्यातली रामन सेवा : पोलराइज्ड मोजमाप हवं असेल तर नक्की जा

ठाण्यातल्या कॉलेजात मी एमएस्सीला फिजिक्स शिकवते. आमच्याकडे रामन स्पेक्ट्रोमीटर (नमुन्यावर लेसर टाकून परतणाऱ्या प्रकाशाचे रंग मोजणारं यंत्र) नाही, त्यामुळे मुलांच्या प्रोजेक्टचे नमुने रबाळे एमआयडीसीतल्या एका खासगी टेस्टिंग लॅबकडे नेते. ट्रान्स-हार्बरने रबाळे स्टेशन, पुढे रिक्षा.

टायटॅनियाच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्या) पावडरी काय, कुठेही मोजून मिळतात. त्याचं अनाटेज हे स्फटिकरूप असेल तर आलेखात १४४ वेव्हनंबरला (प्रकाशाच्या रंगात पडलेला फरक मोजायचं माप) उंच पीक, म्हणजे शिखर, येतं, रुटाइल हे रूप असेल तर ४४७ आणि ६१२ जवळ. या कामासाठी एवढ्या लांब यायची गरज नाही. या लॅबचा खरा कस लागला तो कॅल्साइटला, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या क्रिस्टलला.

क्रिस्टलवर लेसर टाकला की बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा परत येतो. अगदी थोडे फोटॉन अणूंच्या जाळीच्या कंपनाला ऊर्जा देऊन किंवा तिच्याकडून घेऊन परततात. पण कोणतं कंपन प्रकाशाशी किती जोडलं जातं, हे प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राची दिशा (म्हणजे ध्रुवीकरण, पोलरायझेशन) आणि क्रिस्टलचे अक्ष यांच्यावर ठरतं. नुसत्या पीकच्या जागा छापून देणाऱ्या लॅबकडून हा भाग सुटतो, आणि मुलांना नेमका तोच दाखवायचा होता.

सी-अक्षाला (क्रिस्टलच्या मुख्य सममिती-अक्षाला) लंब कापलेला कॅल्साइटचा तुकडा आम्ही नेला होता. यंत्रावर बसणाऱ्या ताईंनी आधी सिलिकॉन वेफर ठेवून ५२०.५ चं पीक जागेवर आहे का ते पाहिलं. मग ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर. दोन्ही पोलरायझर (एकाच दिशेचं ध्रुवीकरण जाऊ देणारे फिल्टर; एक लेसरच्या वाटेत, दुसरा, म्हणजे ॲनालायझर, परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत) समांतर असताना १०८६ चं पीक खणखणीत आलं. ॲनालायझर ९० अंशांत फिरवला आणि ते जवळजवळ नाहीसं झालं, २८२ आणि ७१२ ची मात्र टिकून राहिली. १०८६ च्या कंपनात कार्बोनेटचा कार्बन जागेवर राहतो आणि तिन्ही ऑक्सिजन एकदम बाहेर-आत होतात. सी-अक्षावरून पाहिलं तर ही हालचाल सगळ्या बाजूंनी सारखी, म्हणून प्रकाशाचं ध्रुवीकरण वळत नाही. बाकीच्या दोन कंपनांत ही सममिती मोडते. फळ्यावर मॅट्रिक्स लिहून जे पटत नव्हतं, ते मुलांना स्क्रीनवर पाहताक्षणी पटलं. एक मुलगी तर ॲनालायझर पुन्हा पुन्हा फिरवून बघत होती, आणि ताईंनी तिला बघू दिलं.

ताईंनी आपणहून दोन गोष्टी सांगितल्या, त्यांची मला विशेष किंमत वाटते. "मॅडम, १००एक्सची लेन्स नको, तिच्यात किरण फार तिरके येतात आणि पोलरायझेशन मिसळतं." म्हणून १०एक्स लावली. सिग्नल कमी झाला, वेळ जास्त गेला, पण क्रॉस्ड (पोलरायझर एकमेकांना ९० अंशांत असतानाच्या) मापात उरणारी गळती कमी झाली. दुसरी गोष्ट, ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी रेघांची पट्टी) दोन्ही ध्रुवीकरणांना सारखी कार्यक्षमता देत नाही, म्हणून स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी स्क्रॅम्बलर (ध्रुवीकरण विस्कटून टाकणारा भाग) लावूनच तीव्रतांची तुलना करायची. हे न विचारता सांगणारी माणसं लॅबमध्ये असणं हीच मोठी सोय.

तक्रार एकच, पण गंभीर. रिपोर्टच्या पीडीएफमध्ये बॅकग्राउंड काढून गुळगुळीत केलेला आलेख देतात. अशा आलेखावरून तीव्रतेचं गुणोत्तर काढणं मला मान्य नाही. मागितल्यावर मूळ टेक्स्ट फाइल मिळाली, पण ती पाठपुरावा करून. ऑर्डर देतानाच लिहून घ्या : कच्चा डेटा, एक्सपोजरचा वेळ, लेन्स, नमुन्यावरची लेसर पॉवर आणि पोलरायझरचे कोन.

दर नमुन्यावर नाही, तासावर आहे. त्यामुळे क्रिस्टलचे अक्ष आधी ठरवून, तुकड्यावर खूण करून न्या. यंत्राचा वेळ दिशा शोधण्यात गेला तर बिल उगाच वाढतं. नमुना रंगीत किंवा सेंद्रिय मळ लागलेला असेल तर ७८५ नॅनोमीटरचा लेसर मागा, हिरव्यात फ्लोरेसन्स (नमुन्याची स्वतःची चमक) सगळं झाकून टाकतो.

पुढच्या सेमिस्टरला क्वार्ट्ज घेऊन इथेच जाणार आहे.